मूळ प्रतीबरहुकूम

बस चौकात वळली आणि पुढच्या दारापाशी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणी. मग निम्मी बस एका अंगाला कलून खिडक्यांतून पाहू लागली, म्हणून त्यानेही पाहिलं; एरवी तो पाहत नसे, कारण या शहरात पाहण्यासारखं काही आहे यावरचा त्याचा विश्वास केव्हाच उडालेला होता. जुन्या पंपघराच्या कपाळावर, जिथे कालपर्यंत नुसता निळा पत्रा होता, तिथे पितळी रंगाची हातहातभर अक्षरं बसली होती आणि सकाळचं ऊन नेमकं त्यांच्यावरच पडलं होतं. आजीवन शिक्षा केंद्र. खाली बारीक अक्षरांत : शिकतं शहर, टिकतं शहर. "म्हणजे जन्मठेपच की," कंडक्टरबाई तिकिटं फाडता फाडता म्हणाली, "आणि वर केंद्र. शाखा कुठेकुठे काढतायत कोण जाणे." बस हसली. शेजारचा जाडा माणूस, यात तुम्हीही सामील व्हा अशा चेहऱ्याने त्याच्याकडे वळला आणि बघितलंत का म्हणाला. बघितलं, तो म्हणाला. अकरा दिवसांपूर्वीच बघितलं होतं, हे म्हणाला नाही.

अकरा दिवसांपूर्वी, डबा खाऊन झाल्यावरच्या त्या जड वेळेला, त्याच्या टेबलावर दोन कागद आले होते. एक प्रूफ आणि एक मूळ प्रत. मूळ प्रत म्हणजे रेघी वहीचं फाडलेलं पान, त्यावर निळ्या शाईने तीन शब्द, अक्षरं काचेची असावीत आणि हातातून पडून फुटतील अशा बेताने एकेक करून मांडलेली. केंद्रातल्या कुणा प्रौढ विद्यार्थ्याने लिहिलंय म्हणे. शिक्षण या शब्दातल्या ण ला पोटच नव्हतं. नुसत्या दोन उभ्या काठ्या, एकीला दुसरी टेकलेली. ऑपरेटर मुलीला तो गिरवलेला काना वाटला आणि तिने शिक्षा करून टाकली. त्याला मात्र तो ण एका नजरेत ण दिसला होता. एकतीस वर्षं त्याने या नगरपालिकेच्या छापखान्यात डॉक्टरांची अक्षरं वाचली होती, नगरसेवकांची वाचली होती, दारू पिऊन लिहिलेले ठराव वाचले होते. दोन काठ्यांचा ण त्याला फसवणार होता होय? पेन्सिल त्याने उचलली. टोक कागदाला टेकलं. आणि मग ती तशीच खाली ठेवून, शिक्का उचलून, प्रूफच्या कोपऱ्यात हाणला : मूळ प्रतीबरहुकूम. खाली आद्याक्षरं. हा शिक्का म्हणजे छापखान्याचं माशीला माशी. मुळात माशी चिकटलेली असेल तर नकलेतही माशी काढायची, आणि मग जगात कुणी तुमच्या केसाला धक्का लावू शकत नाही. त्या क्षणी त्याच्या मनात काय होतं? काही नव्हतं. एक बारीक, गार, सुखद तुच्छता होती, जेवणानंतर तोंडात ठेवलेल्या लवंगेसारखी. आयुष्यात पहिल्यांदा या लोकांनी खरं लिहिलंय, तर आपण कशाला खोडायचं.

कारण या शिकतं शहरवाल्यांचं सगळं तोच तर वाचत होता. चार वर्षं. शहर शिकतंय म्हणे. ज्या शहराने काढलेला सायकलचा रस्ता विजेच्या डीपीपाशी जाऊन डीपीच्या पोटात शिरल्यासारखा संपतो, ते शहर शिकतंय. कागद वाचवा, या विषयावर गुळगुळीत कागदावर सोळा पानी रंगीत पुस्तिका निघाली, तिची प्रुफं त्याने तीनदा तपासली, तीनदा कागदावर. शाश्वत हा शब्द त्याने इतक्या वेळा शुद्ध केला होता, कधी शास्वत, कधी शाश्र्वत, एकदा तर शाष्वत, की त्या शब्दातलं जे काय टिकाऊ होतं ते त्याच्या पेन्सिलीखाली झिजून गेलं होतं. सर्वसमावेशक. सक्षमीकरण. पाळण्यापासून म्हातारपणापर्यंत शिक्षण. ज्या बैठकीत ही भाषा जन्माला येते तिथे खिडक्या उघडत नाहीत, पंखा नसतो, यंत्राने हवा गार करतात आणि बाहेर फेकलेल्या गरम हवेत शिपाई बसतो. त्याने स्वतः पाहिलं होतं. आणि टाळ्या वाजवायला जमणारे ते प्रौढ विद्यार्थी. पन्नाशी-साठीतली माणसं गळ्यात ओळखपत्रं अडकवून पहिलीतल्या पोरांसारखी फोटोला उभी. कचरा वेगळा करायला शिकलो. दिवा बंद करायला शिकलो. वा. उद्या श्वास घ्यायला शिकाल, त्याचंही प्रमाणपत्र छापू, आणि त्यात श्वास चुकीचा छापला जाईल.

छापखान्यात त्याला वेलांटीकाका म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करी, पण ते नाव त्याला मनातून आवडत असे, यावरून माणूस कसला लबाड असतो ते कळावं. चार महिन्यांनी तो निवृत्त होणार होता. सत्काराचा मजकूर तयार झालेला होता आणि तो त्याच्याकडेच तपासायला आला होता : एकतीस वर्षांत एकही चूक न सोडलेला माणूस. त्यात दोन चुका होत्या. त्याने त्या काढल्या आणि कागद परत पाठवला, आणि ऑपरेटर मुलगी म्हणाली, काका, स्वतःच्या मयताची जाहिरातसुद्धा तुम्ही तपासूनच जाल. तो हसला होता. या मुलीचं त्याला एवढंच बरं वाटे की ती शिकायला कुठे जात नसे.

घरी मात्र रोज जाणारी एक होती. त्याची ताई. चौसष्ट वर्षांची, त्याच्याहून सातांनी मोठी, चौथी पास. लग्न झालं नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा कुणीतरी घरात हवं होतं, मग वडील खिळले, मग सगळं संपलं तोवर ताईचं वय संपलेलं होतं. त्याचं लग्न झालं आणि मोडलंही, आणि दोन खोल्यांच्या त्या घरात ती दोघं एकमेकांना सवयीची झाली, जशी भिंतीला खुंटी. ती स्वयंपाक करी, तो वर्तमानपत्र मोठ्याने वाचून त्यातल्या चुका दाखवी. गेल्या वर्षी एका सकाळी ती त्या पंपघरात गेली आणि दुपारी परत आली ती हातात रबराची एक चकती घेऊन. वायसर आहे, म्हणाली. नळ गळतो ना आपला, त्याचं हे बघ, हे झिजतं. त्यांचा मोरीतला नळ एकोणीस वर्षं गळत होता. टप्प, आणि मग एक श्वास, आणि मग टप्प. त्याला त्याची सवय होती. तो घरी आणलेली प्रुफं वाचत बसे तेव्हा तो थेंब त्याला स्वल्पविरामासारखा ऐकू येई. ताईने मुख्य कॉक बंद केला, पदर खोचला, पान्याने नळाचं डोकं उतरवलं, दहा मिनिटांत वायसर बदलला आणि हात पुसत म्हणाली, दिवसाला एक बादली जात होती रे. कुणीतरी ती कुठून तरी चढवून आणलेली असते. त्या दिवशी घर एकदम शांत झालं आणि त्याला त्या शांततेचा रागच आला. शिकायला जाऊन शिकली काय, तर नळ बंद करायला, तो म्हणाला. वायसर विद्यापीठ. ती हसली. पंडित, म्हणाली, पदवीदानाला या हं. ती त्याला लहानपणापासून पंडित म्हणे, आणि त्यात चेष्टा किती आणि कौतुक किती हे त्याने कधी तपासलं नव्हतं. मग शेजारची एक बाई तिला बोलवायला आली, मग वरच्या मजल्यावरून कुणी, मग गल्लीतल्या तीन इमारतींत ती नळवाल्या आजी झाली. जुन्या छत्रीच्या कापडाची पिशवी शिवून त्यात पाने, वायसर, दोऱ्याची गुंडी. तो जिन्यात तिच्यापुढे चालू लागला, बरोबर नको म्हणून. गेल्या महिन्यात ती म्हणाली, केंद्रातल्या बाई म्हणतायत, नळाचा वर्ग आता तुम्हीच घ्या. आधीचे मिस्तरी गावी गेले. मला घेऊ का रे? त्याने पेपरातून डोकं न काढता सांगितलं होतं, घे की, तिथे कोण काय कोण काय शिकवतंच आहे. ती हो म्हणाली. म्हणजे तिला एवढंही पुरलं.

बसमधून उतरून तो छापखान्यात पोचला तेव्हा ऑपरेटर मुलगी रडवेली होऊन बसली होती आणि फोन वाजत होता. कुणीतरी फलकाचा फोटो काढून जगभर पाठवला होता. परवा बाहेरगावची पाहणी समिती यायची होती, शिकतं शहर हा किताब द्यायचा की नाही ते ठरवायला, आणि साहेबांनी मूळ प्रतीसकट फाईल घेऊन वर बोलावलं होतं. मुलगी म्हणाली, काका, माझी नोकरी जाईल का. तो म्हणाला, काही जात नाही, शिक्का आहे. फाईल काखेत मारून तो जिना चढला तेव्हा त्याला हलकं वाटत होतं, अगदी खरं सांगायचं तर शीळ घालावीशी वाटत होती. फलकाकडे पाहून हसलेली ती सगळी बस म्हणजे त्याचे वाचक होते. एकतीस वर्षं अदृश्य चुका काढणाऱ्या माणसाने एक दृश्य चूक ठेवली होती आणि ती गावभर गाजत होती. सत्कार म्हणतात तो हा.

साहेबांच्या खोलीत यंत्राची गार हवा होती आणि कुंडीत एक प्लास्टिकचं झाड. साहेब वयाने लहान, शर्टाच्या बाह्या दुमडलेले, बोलताना दर वाक्याला हसणारे. ते हसत असले की समोरच्याने सावध व्हावं असं खालच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या बाजूला केंद्राची संचालिका उभी होती, तिशीची मुलगी, गळ्यात ओळखपत्र, डोळे सुजलेले. साहेबांनी फाईल उघडली, रेघी वहीचं ते पान दोन बोटांनी उचललं आणि म्हणाले, अच्छा, म्हणजे मुळातच घोळ आहे. हे बघा, शिक्षा. स्पष्ट शिक्षा. संचालिका म्हणाली, सर, ते शिक्षणच आहे, त्यांचा ण तसाच असतो. आम्ही तर त्यांचं अक्षर जसंच्या तसं मोठं करून लावायचं ठरवलं होतं, तुम्हीच म्हणालात की शोभणार नाही, छापील अक्षरात करा. साहेब हसले. म्हणाले, आपण आता माझ्या चुका काढायला बसलो आहोत का? मग त्यांनी त्याच्याकडे वळून अत्यंत आदराने सांगितलं की वेलांटीकाकांच्या शिक्क्यावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही, आणि आज ठेवायचंही नाही. त्यांनी फक्त एक ओळ लेखी द्यावी, प्रूफ मूळ प्रतीबरहुकूम होतं, म्हणजे समितीला सांगता येईल की चूक लिहिणाऱ्याची. फलक दुपारपर्यंत उतरेल. आणि ज्या बाईंनी हे लिहिलं त्यांना शिक्षक म्हणून नेमायचा कागद परवाच निघाला होता, तो मागे घेऊ. ज्यांना शिक्षण लिहिता येत नाही त्यांनी शिकवायचं, हे समितीपुढे कसं दिसेल? नळाचा वर्ग आपण बाहेरच्या संस्थेला देऊ, त्यांची माणसं प्रमाणित असतात.

हे सगळं तो ऐकत होता आणि मनातल्या मनात साहेबांच्या वाक्यांतली विरामचिन्हं लावत होता, इतका तो निवांत होता. ओळ लिहून द्यायची. ओळ खरी होती. खऱ्या ओळीइतकं सुरक्षित जगात काही नसतं. त्याने खिशातून पेन काढलं. तेव्हा संचालिका त्याच्याकडे पाहून म्हणाली, "सर, निदान तुम्ही तरी सांगा ना. आजींचं अक्षर तुम्ही तर रोज बघत असाल."

त्याला आधी वाटलं, ही सगळ्या म्हाताऱ्यांना आजी म्हणते. मग दार ढकलून ताई आत आली.

शिपायाने तिला केंद्रातून बोलावून आणलं होतं. छत्रीच्या कापडाची पिशवी खांद्याला, हाताला ग्रीसचा काळा डाग, आणि गळ्यात ते ओळखपत्र. त्याला पाहून ती किंचित हसली, घरच्या माणसाला परक्या ठिकाणी पाहून हसतात तशी, आणि साहेबांना नमस्कार करून उभी राहिली. त्याने पानाकडे पाहिलं. निळी शाई. आजीवन. केंद्र. आणि मधला तो शब्द. सत्तावन्न वर्षं एका घरात, एका ताटाजवळ एक ताट मांडून, आणि त्याने आपल्या बहिणीचं अक्षर ओळखलं नव्हतं. ओळखणार कुठून? त्याने ते कधी पाहिलंच नव्हतं. किराणाची यादी ती सांगे आणि तो लिही. मामाला पत्र ती सांगे आणि तो लिही. अर्ज तो भरी आणि ती फुलीपाशी नाव काढी, तेव्हा तो शाई वाळायच्या आत कागद ओढून घेई. आपण केवढे चांगले, तिला लिहायचा त्रास देत नाही, असंच तो समजत आला होता. आणि आता त्या गार खोलीत, त्या प्लास्टिकच्या झाडापाशी, त्याला एक दुपार आठवली; आठवली म्हणजे कुणीतरी मानगूट धरून त्याला तिच्यासमोर उभं केलं. तो बारा वर्षांचा, ती एकोणीसची. ओट्यावर तिने लिहिलेली यादी. लसूण, साबण, रेशन कार्डाचं काहीतरी. तो ती यादी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला होता, जिथे पाहुणे बसले होते, तिला बघायला आलेले, आणि मोठ्याने वाचली होती : लसूा. साबा. पाहुण्यांमधलं कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. वडीलसुद्धा हसले, पोर हुशार आहे म्हणून. आत ताट वाढण्याचा आवाज मधेच थांबला होता. ते पाहुणे पुन्हा आले नाहीत. त्याचं कारण ती यादी होती असं म्हणता येत नाही, कारणं हजार असतात. पण त्या दिवसानंतर तिने त्याच्यासमोर हातात पेन धरलं नाही. पंचेचाळीस वर्षं.

साहेबांनी ताईला खुर्ची दिली नाही, पण हसून विचारलं, आजी, हे काय लिहिलंय तुम्ही. तिने पान हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. शिक्षण, म्हणाली. साहेब म्हणाले, इथे तर ण दिसत नाही. तेव्हा ती जरा लाजली, चौसष्टाव्या वर्षी माणूस असा लाजू शकतो हे त्या खोलीतल्या कुणाला ठाऊक नव्हतं, आणि म्हणाली, "माझा ण जरा असाच आहे. शाळेत ज्या आठवड्यात ट, ठ, ड, ढ, ण गिरवून घेतले ना, तेव्हा मी घरी होते. हा झाला होता तेव्हा." आणि तिने हनुवटीने त्याच्याकडे दाखवलं, अगदी मायेने, जणू तो अजून दुपट्यातच आहे. "बाकीचे चार नंतर मैत्रिणीने दाखवले. ण काय, कशाच्या सुरुवातीला येत नाही, मग राहिलाच. आपला बघून बघून काढते."

साहेबांनी घड्याळात पाहिलं. म्हणजे तुम्हीच मान्य करताय, असं म्हणून त्यांनी कोरा कागद त्याच्याकडे सरकवला. लिहा काका. एकच ओळ. पेन त्याच्या हातात होतंच. आणि त्या वेळीसुद्धा, हे नमूद केलं पाहिजे, त्याचं मन पळवाटा शोधत होतं. मूळ प्रतीबरहुकूम यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, आणि वर्ग गेला तर ताई काय उपाशी मरणार होती? ती घरी बसेल. पूर्वी बसतच होती. पेपर वाचून दाखवू. त्याने पाहिलं, ती साहेबांकडे पाहत नव्हती, संचालिकेकडे पाहत नव्हती, ती त्याच्या हाताकडे पाहत होती, आता हा काहीतरी बरोबर लिहील अशा खात्रीने. ती खात्री त्याला सोसवेना. शिव्या सोसल्या असत्या.

"हा ण आहे," तो म्हणाला.

साहेब म्हणाले, असेल हो, पण दिसत तर नाही ना. तो म्हणाला, मला दिसला होता. साहेब हसायचे थांबले. "प्रूफ आलं त्याच दिवशी मला तो ण दिसला होता. शिक्षा चुकीचं आहे हे मला माहीत होतं. पेन्सिल उचलली होती मी. मुद्दाम ठेवली." साहेबांनी विचारलं, का? त्याने तोंड उघडलं. त्याच्याकडे भाषा होती. या नगरपालिकेत कुणाकडे नसेल एवढी होती. गंमत वाटली, असं म्हणता आलं असतं. खरंच शिक्षा वाटली, असंही. तो म्हणाला, "कुणीतरी अडाणी असेल असं वाटलं." आणि हे म्हणताना ताई दीड हातावर उभी आहे आणि ऐकतेय हे त्याला, डोळे मिटून आगीत हात घालणाऱ्याला कळावं तसं, पुरेपूर कळत होतं.

साहेबांनी पुढचं सगळं भराभर, कोरडेपणाने उरकलं. लेखी खुलासा तीन दिवसांत. सत्काराचं मग बघू, म्हणजे बघायचं नाही. चूक छापखान्याची आहे असं समितीला सांगावं लागेल, काकांचं नाव घेऊन सांगावं लागेल. आजींचा कागद तूर्त मागे घेत नाही, वर्ग चालू ठेवा, आज अकराला आहे ना, जा. संचालिका रडायलाच लागली, आणि ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला. त्याच्याकडे पाहिलं नाही.

जिन्यात ती पुढे होती. तो मागे. दोघं दोन मजले उतरली. तिच्या पिशवीतल्या पान्यांचा किणकिणाट पायरीपायरीला होत होता. खालच्या वळणावर ती थांबली, कठड्याला हात लावून, आणि मागे न वळता म्हणाली, "बाई म्हणाल्या ना, कागद छापखान्यात तपासायला जातो, तेव्हाच मी लिहायला बसले. नाहीतर कशाला लिहिते. म्हटलं, तुझ्या हाताखालून जायचंय. चुकलं तर तू काढशील."

तो म्हणाला, ताई, मला माहीत नव्हतं तुझं अक्षर आहे ते.

"ते कळलं मला," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं असतं तर चाललं असतं, असंच ना?" हे ती रागाने म्हणत नव्हती. ती विचारत होती. नळ का गळतो हे विचारावं तशी, नीट, कारण समजून घ्यायला. मग तिने हात कठड्यावरून काढला आणि म्हणाली, "अडाण्याला सांगायचं नाही, तर मग सांगायचं कुणाला असतं रे?" आणि उरलेल्या पायऱ्या उतरून गेली.

तो टेबलापाशी गेला नाही. ऑपरेटर मुलीला दारातूनच सांगितलं, तुझं काही नाही, माझं आहे, आणि निघाला. बस न घेता चालत गेला, तीन थांबे. रस्त्यात त्याने सवयीने दुकानांच्या पाट्या वाचल्या, त्यातल्या चुका पाहिल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या चुकांमागे त्याला हात दिसायला लागले. ही पाटी कुणीतरी शिडीवर चढून रंगवली असेल. हा उकार कुणीतरी दोनदा विचार करून उलटा दिला असेल, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या शेकडो शहाण्यांपैकी एकानेही आत डोकावून सांगितलं नसेल. सगळे त्याच्यासारखेच. मनातल्या मनात हसून पुढे. शहाण्यांचं गाव ते. त्याच्या त्या सगळ्या तिरस्काराला आज तोंड फुटलं होतं आणि ते त्याच्याकडेच वळलेलं होतं. तिरस्कार कमी झाला नव्हता, नुसता त्याचा पत्ता बदलला होता.

पंपघराच्या आत तो आजवर गेला नव्हता. उंच छत, तेलाचा जुना वास, मधोमध एक मेलेला हिरवा पंप, माणसाहून मोठा, आणि भोवताली बाकांवर दहाअकरा माणसं. एक शिंपी होता, त्याला तो ओळखत होता. एक सेवानिवृत्त परिचारिका. दोन मोलकरणी, एक रखवालदार गणवेशातच, एक म्हातारा जो बहुधा नुसता सावलीला आला होता. ताई समोर उभी राहून भिंतीतून गेलेल्या जाड नळाबद्दल सांगत होती : जमिनीखालचं शंभरातलं तीस पाणी घरी पोचतच नाही, वाटेतच जातं, ते दिसत नाही, म्हणून ते ऐकायचं. शिंप्याने विचारलं, आजी, ऐकायचं म्हणजे पाणी बोलतं का. ती म्हणाली, बोलतं की, तुझ्या मशीनपेक्षा कमीच बोलतं. सगळे हसले आणि तिथल्या हसण्यात दात नव्हते. तो दारात उभा होता. समोर एक बाक अर्धा रिकामा होता, त्याकडे तो निघाला.

"उशिरा आलेल्यांनी मागे बसायचं," ताई म्हणाली. तिने हे सगळ्यांना उद्देशून म्हटलं आणि नजर नळावरच ठेवली. तो मागे जाऊन, रखवालदाराशेजारी बसला. रखवालदाराने सरकून जागा दिली आणि हळूच म्हणाला, पहिला दिवस का. तो हो म्हणाला.

मग ताईने कोपऱ्यातून एक लांब लाकडी काठी काढली, सरळ, एका टोकाला वाटीसारखी कोरलेली. एकेकाने यायचं, टोक नळावर टेकवायचं, वाटी कानाला लावायची, गळती कुठल्या अंगाला आहे ते सांगायचं. परिचारिका गेली, डावीकडे म्हणाली. शिंपी गेला, डावीकडे, पण खोल म्हणाला. मोलकरीण बराच वेळ काठी लावून उभी राहिली आणि म्हणाली, एक नाही हो, दोन आहेत, एक बारीक आहे. आणि ताईने तिच्याकडे अशा कौतुकाने पाहिलं, की मागच्या बाकावर त्याने मान खाली घातली. कारण असं ती घरी फक्त त्याच्याकडे पाहत असे, त्याने वर्तमानपत्रात चूक काढली की.

त्याची पाळी आली. तो उठून गेला. काठी ताईने त्याच्या हातात दिली, दोघांच्या मध्ये ती काठीच राहील अशी. त्याने टोक नळावर टेकवलं, वाटी कानाला लावली. लाकूड गार होतं. बाहेर फलक उतरवायला आलेली माणसं शिडी लावत असावीत, पत्र्याचा आवाज येत होता. आत रखवालदार खोकला. आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यात तर केवढं चाललं होतं, खुलाशातली वाक्यं, साहेबांचं हसणं, ती जुनी दुपार, माफीची तीन वेगवेगळी वाक्यं, तीनही निर्दोष.

"काय ऐकू येतं?" ताईने विचारलं.

एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं की कुणी विचारावं आणि त्याला उत्तर माहीत नसावं. डावीकडे, असं तो म्हणू शकला असता. आधीच्या तिघांनी सांगितलंच होतं. मूळ प्रत समोर होती. त्याने डोळे मिटले, उघडले.

"काहीच नाही," तो म्हणाला.

बाकांवर कुणी हसलं नाही. ताईने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती, आणि ती आज येणारही नव्हती. तिने ग्रीसचा डाग पडलेला हात पुढे करून काठीचं टोक नळावर बोटभर खाली सरकवलं आणि म्हणाली, "मनातलं बोलणं थांबव आधी. मग येईल. थांब तिथेच."

आणि ती पुढच्याकडे वळली नाही. थांबली.